म्हस्केनानांचा सहावा घोडा

म्हस्केनाना घोड्याचं तोंड कधी बघत नसत. दुबईत जबल अलीच्या मैदानावर शर्यतीआधी घोडे रिंगणात फिरवत, तेव्हा बाकीचे लोक कठड्याला टेकून आयाळ, मान आणि जॉकीचे रंगीत कपडे बघत. नाना मात्र सरळ उकिडवे बसत आणि कठड्याच्या खालच्या फटीतून नुसते पाय बघत. पहिल्यांदा त्यांना तसं बसलेलं पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांचं काहीतरी पडलंय. मी वाकून विचारलं, तर मान वर न करता म्हणाले, "गप उभा ऱ्हा. तोंड बगून सोयरीक जमवत्यात, घोडा न्हाई."

शारजाच्या औद्योगिक भागात एका गॅरेजात आम्ही दोघं कामाला होतो. ते डेंटर, मी स्टोअरकीपर. मी चिपळूणहून बी.कॉम. होऊन नुकताच गेलेला, त्यामुळे अंगात शहाणपणा भरपूर. ते पन्नाशीचे, फलटणकडचे. त्याआधी बारा वर्षं पुण्याच्या रेसकोर्सवर सईस होते, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे. घोडे सोडून मोटारींकडे कसे आलात, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मोटार लाथ मारत न्हाई आन् पगार जादा." पण हात मात्र सइसाचाच राहिला होता. चेपलेल्या दारावरून ते आधी तळवा फिरवत, डोळे दुसरीकडेच ठेवून, आणि मग बरोबर पाहिजे तिथेच हातोडी मारत.

आम्ही राहत होतो त्या कामगारांच्या कॅम्पमध्ये मराठी माणसं तीसेक होती. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी दुपारी शर्यती असत आणि आत जायला पैसे पडत नसत. घोड्यांवर पैसे लावायला तिकडे बंदी. त्याऐवजी दारात एक फुकटची स्लिप मिळे. दिवसाच्या सहा शर्यतींत कोण जिंकणार, त्या घोड्यांचे नंबर लिहायचे, कार्बनखालची प्रत आपल्याजवळ ठेवायची आणि पहिल्या शर्यतीआधी स्लिप पेटीत टाकायची. सहाच्या सहा बरोबर आले तर बक्षीस. असे जितके लोक निघतील, तितक्यांत ते सारखं वाटलं जाई.

म्हणून गुरुवारी संध्याकाळी, कामावरून आल्या आल्या, नानांच्या खोलीत आमची सभा भरे. मी वर्तमानपत्रातून दुसऱ्या दिवशीच्या घोड्यांची यादी वाचायची आणि नानांनी निवाडा द्यायचा. घोड्यांची नावं लांबलचक, अरबी नाहीतर इंग्रजी. ती नानांच्या गळी उतरत नसत. त्यांनी आपली नावं ठेवली होती. मान ताठ ठेवून कुणाकडे न बघता चालणारी एक घोडी होती, ती पाटलीणबाई. सगळी शर्यत मागे रेंगाळून शेवटच्या क्षणी काम उरकणारा एक करडा घोडा होता, तो तलाठी. कुठला घोडा तीन आठवड्यांपूर्वी मागचा डावा पाय कसा टाकत होता, हे त्यांना तोंडपाठ असे. "माणूस खोटं बोलंल," ते म्हणत, "चाल न्हाई बोलायची."

सभा संपली की तिसांच्या तीस जणांचे सहाही आकडे एकच असत. दुसऱ्या दिवशी दारात मी सगळ्यांच्या स्लिपा भरत बसे, नानांचीही. त्यांना इंग्रजी आकडे येत, पण म्हणत, "तुझं अक्षार बरं हाय, मास्तर."

बहुतेक वेळा चार बरोबर येत, कधी पाच. माझ्या पहिल्या वर्षी मात्र एकदा सहाच्या सहा आले. बक्षीस तिसांत वाटलं गेलं आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक टेपरेकॉर्डर येईल इतकं पडलं. आमच्या पेंटर सुर्व्यानं लगेच दिऱ्हॅमचे रुपये करून मोठ्यांदा सांगितले आणि खोलीत नाच सुरू झाला. नाना एका कोपऱ्यात बसून हसत होते. "तीस घरांत गाणं गेलं बग," मला म्हणाले. आणि मी, शहाणा, त्यांना म्हणालो, "नाना, पण तुम्ही कुणाला न सांगता एकट्यानं स्लिप टाकली असती तर आज कुठे असता?"

"तोंड धुऊन ये," नाना म्हणाले. एवढे चिडलेले मी त्यांना आधी पाहिले नव्हते.

पुढे दोन वर्षं गेली. नानांना एकच मुलगी, सुमन. ती झाली तेव्हा नाना तिकडे जाऊन चार महिने झाले होते. तिच्या अकरा वर्षांत त्यांनी तिला पाहिलं ते रजेपुरतं. एका शुक्रवारी सकाळी टेलिफोनच्या रांगेतून परत येऊन ते माझ्या खाटेवर बसले. "मास्तर, पोरीनं फोन उचलला. 'कोण बोलतंय?' म्हनाली. म्हटलं, बा बोलतोय. तर म्हनाली, 'थांबा हं, आईला देते.'" मग म्हणाले, "थांबा हं. पावण्याला म्हनत्यात तसं."

त्या दिवसापासून त्यांचा एकच विषय झाला, कायमचं घरी जायचं. गावच्या रस्त्याला लागून थोडी जागा मिळत होती. तिथे डेंटिंगचं शेड टाकलं की झालं. पण जागा मिळत होती ती त्याच महिन्यापुरती, आणि पगारात ते बसत नव्हतं. मी ऐकत असे आणि "होईल नाना, इन्शाल्ला" म्हणत असे. आम्ही सगळेच तिकडे एकमेकांना असं म्हणत असू.

त्याच महिन्यातल्या एका गुरुवारी यादी निघाली ती नानांना सोपी होती. सगळे ओळखीचे घोडे. पाच शर्यतींचा निवाडा त्यांनी भराभर दिला. सहाव्या शर्यतीत पाटलीणबाईही होती आणि तलाठीही. तिथे नाना जरा थांबले. मग म्हणाले, "पाटलीणबाई. डोळं झाकून लिवा." आम्ही डोळे झाकूनच लिहीत असू.

दुसऱ्या दिवशी दारात मी त्यांची स्लिप भरायला घेतली, तर त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. "आज माजी मी भरतो."

"माझी नोकरी घालवता का नाना?" मी थट्टा केली. ते हसले नाहीत. माझ्याकडे पाठ फिरवून त्यांनी स्लिप भरली आणि पेटीत टाकली.

पाच शर्यती झाल्या आणि पाचही बरोबर आल्या. आमचे लोक वेडे व्हायचे बाकी होते. सहावी सुरू झाली तेव्हा सुर्व्या तर देवाचं नाव घेत होता. मी नेहमीसारखा नानांच्या शेजारी उभा होतो. नाना शर्यत चालू असताना कधी ओरडत नसत. "घोड्याला ऐकू येत न्हाई, आपलाच घसा बसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटच्या वळणावर पाटलीणबाई पुढे आली, पाठोपाठ करडा घोडा सुटला, आणि माझ्या कानाशी कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं, "तलाठ्या, चल! चल माज्या राजा!"

मी वळून पाहिलं. ते नाना होते. गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, दोन्ही हातांनी कठडा धरला होता. पाठ फिरवून भरलेली ती स्लिप मला आठवली. शर्यत संपली तेव्हा मी मैदानाकडे बघतच नव्हतो. लोकांच्या आरोळीवरून कळलं की पाटलीणबाई मानेच्या फरकानं जिंकली. सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. सुर्व्यानं नानांचे पाय धरले. नानांनी कठडा सोडला नव्हता.

परत येताना बसमध्ये सुर्व्या सगळ्यांच्या कार्बनप्रती गोळा करत आला. ही आमची रीतच होती. "नाना, यल्ला, चला, स्लिप दाखवा." नानांनी खिशातून काढून दिली. सुर्व्यानं ती पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. "अरे देवा! नाना, शेवटचा नंबर चुकलात तुम्ही!"

सगळी बस हळहळली. आपल्याला सांगून स्वतःच चुकले बिचारे! मास्तरानं भरायला पाहिजे होती, असं कुणी म्हणालं. आपल्या प्रत्येकाच्या वाट्यातून नानांचा वाटा काढू, असंही लगेच ठरलं. सुर्व्याच्या डोळ्यांत तर पाणी आलं. मी खाली मान घालून बसलो होतो. मी बोलणार नव्हतो, आणि दुसऱ्या कुणाला काही माहीत नव्हतं. नानांनी नुसतं गप्प राहायचं होतं.

नाना चालत्या बसमध्ये उभे राहिले. "चुकलो न्हाई," ते म्हणाले. "मला तलाठीच लिवायचा हुता. तुमाला मी खोटं सांगितलं."

कुणाला काही कळेना. सुर्व्याच हसत म्हणाला, "काय चेष्टा करता?"

"चेष्टा न्हाई. वाटेकरी नको हुते मला. घरी जायाचं हुतं."

एवढं बोलून ते खाली बसले. कुणी शिवी दिली नाही, कुणी का म्हणून विचारलं नाही. मी सुन्न झालो होतो. या माणसानं आम्हाला फसवलं हा एक धक्का, आणि कुणी न पकडता उभं राहून ते सांगितलं हा त्याहून मोठा. सुर्व्यानं ती स्लिप घडी करून नानांच्या खिशात परत ठेवली आणि पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसला.

बक्षीस आलं. नानांचा वाटा काढायचं पुन्हा कुणी बोललं नाही, आणि काढला असता तरी त्यांनी घेतला नसता. ती जागा दुसऱ्यानं घेतली. गुरुवारची सभा बंद पडली. सुर्व्याची खाट नानांच्या खाटेला लागून होती, पण त्या दिवसापासून तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही.

एकदा नाना गाडीचं दार ठोकत होते, तेव्हा मी धीर करून म्हणालो, "नाना, ते एकट्यानं भरायचं मीच बोललो होतो."

"तू बोलला हुतास. ऐकलं मी," ते म्हणाले. हातोडी खाली ठेवून म्हणाले, "खोटा घोडा सांगायचा, तर एखादा लंगडा सांगायचा ना? जीभ रेटंना. तीस माणसं लिवनार. म्हनून माज्या मनातला दोन नंबरचा सांगितला."

आठेक महिन्यांनी करार संपला आणि ते गेले, होते त्यापेक्षा फारसे श्रीमंत न होता. सगळ्यांनी हात हलवले. सुर्व्या त्या वेळी आंघोळीला गेला होता.

नंतर मीही परत आलो. दोन हजार सालानंतर केव्हातरी चिपळूणच्या पत्त्यावर सुमनचं पत्र आलं. बाबा गेले, असं तिनं लिहिलं होतं. परत आल्यापासून ते घरीच होते, तिची शाळा संपेपर्यंत तिला सायकलवरून सोडत होते. 'शारजात तीस माणसांना मी एकदा खोटं सांगितलं, असं ते शेवटपर्यंत म्हणायचे. त्यांच्या वहीत पत्ता फक्त तुमचा आहे. त्या लोकांचा राग गेला असेल तर कृपया कळवा.'

मी सुर्व्याला लांज्याला फोन लावला. पत्र वाचून दाखवलं.

"राग त्यानं फसवल्याचा नव्हता रे," तो म्हणाला. "त्यानं आदल्या दिवशी खोलीत नुसतं सांगायचं होतं, मला घरी जायचंय, ह्या खेपेला बक्षीस मला एकट्याला मिळू दे. तीस जणांनी मुद्दाम चुकीचा घोडा लिहिला असता. त्याला हे वाटलंच नाही?"