आवाज जायलाय, बाई

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. शाळेत तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण गेल्या महिन्यापासून स्वतःचाच इतका राग येतोय की जेवताना घास उतरत नाही.

मी संगणक शिक्षक. बीदर जिल्ह्यात, संतपूरच्या बाजूला आमची मराठी शाळा आहे. कोरोनात ती बंद पडली तेव्हा हेडमास्तर म्हणाले, दहावीचे तास पोरांना मोबाइलवर दिसले पाहिजेत, कसं ते तू बघ. मी बघितलं. जुना कॉम्प्युटर, एक कॅमेरा, कॉलरला लावायचा माईक आणि थेट प्रक्षेपणाचं फुकटातलं सॉफ्टवेअर. आठवडाभर झगडलो, पण चाललं. मग काय — जो तो मलाच विचारायला लागला. माझ्या डोक्यात हवा गेली. खोटं कशाला बोलू?

गणिताला शकुंतलाबाई होत्या. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. आमच्या पोरांच्या आईबापांनाही पाढे त्यांनीच शिकवलेले. कॅमेऱ्यापुढं उभ्या राहिल्या की माईक पुन्हा पुन्हा चाचपायच्या. फळ्याकडं वळण्याआधी रोज विचारायच्या, "सर, आवाज जायलाय ना पोरांपर्यंत?"

एका सोमवारी मी ते सॉफ्टवेअर अपडेट करून घेतलं. त्या भानगडीत माईकची निवड आपोआप बदलली. ज्या खोबणीत काहीच जोडलेलं नव्हतं, तिथला आवाज ते ऐकत बसलं. हे कळायला काय लागतं? पडद्यावर खालच्या बाजूला एक हिरवी पट्टी असते. कुणी बोललं की ती हलते. नुसतं बघायचं. मी बघितलं नाही. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो. "जायलाय, बाई," म्हणालो. दुसऱ्या दिवशीही म्हणालो. चार दिवस म्हणालो.

आणि पोरांनी सांगायचं तरी कुठं? त्यांचे मेसेज दिसायची खिडकी मीच बंद केलेली — फालतू लिहितात म्हणून. शाळेच्या ग्रुपवर फक्त शिक्षकांनी लिहायचं, हेही मीच ठरवलेलं.

पाचव्या दिवशी एका मुलीचा बाप सायकल हाणत शाळेत आला. "गुरुजी, बाई नुसतं तोंड हलवायल्यात. मोबाइल बिघडला म्हणून मी बीदरला जाऊन दुरुस्त करून आणलो. तरी तसंच हाय."

हेडमास्तर बाईंना बोलवायला गेले. तेवढ्या वेळात मी कॉम्प्युटर उघडला, आणि बघताक्षणी कळलं. दोनदा क्लिक केलं. माईक बोलू लागला.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे सगळं चाललंय.

हेडमास्तरांनी विचारलं, "कामून झालं हे?" मी म्हणालो, "सेटिंग बरोबर हाय, सर. बाईंकडून माईकचं बटण बंद राहत असंल. मी किती वेळा सांगितलं त्यांना." ते शेवटचं वाक्य — ते तर कुणी मागितलंही नव्हतं.

बाईंनी कॉलरचा माईक हातात घेऊन बघितला. "असंल, सर," त्या म्हणाल्या. "मला यातलं कळत न्हाई."

कुणालाही शंका आली नाही. हेडमास्तरांनी मला पुढं एकही प्रश्न विचारला नाही. पिकल्या केसांची बाई आणि मशीन — चूक कुणाची, हे त्यांच्या डोक्यात आधीच ठरलेलं. त्यांचाही राग येतो मला. पण ते असंच समजणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तर मी बोललो ना?

बाईंचा तास काढून विज्ञानाच्या तरुण सरांना दिला. पुढचा आठवडाभर दुपारच्या सुट्टीत बाई बंद कॅमेऱ्यापुढं येऊन बसायच्या. माईकचं बटण दाबायच्या, पुन्हा दाबायच्या, वहीत लिहायच्या — लाल दिवा बंद, हिरवा दिवा चालू. वही माझ्यापुढं धरून विचारायच्या, "बरोबर हाय ना, सर?" मी म्हणायचो, बरोबर हाय. त्यांना तो तास परत कधी मिळाला नाही.

शाळा उघडल्यावर तर तो विनोदच झाला. पंधरा ऑगस्ट असो की स्नेहसंमेलन, कुणीतरी म्हणायचंच, बाईंच्या हातात माईक देऊ नका. सगळे हसायचे. मीही. एकदा तर मीच म्हणालो होतो.

गेल्या महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात माईक पुढं केला तर त्यांनी हातानंच नको म्हटलं आणि तशाच बोलल्या. मागच्या रांगांना काही ऐकू आलं नाही. पोरं चुळबुळ करत होती.

कार्यक्रम संपल्यावर पेढ्याचा डबा घेऊन त्या माझ्याकडं आल्या. "सर, तवा त्या माईकच्या भानगडीत माझ्यामुळं तुम्हाला बोलणी बसली असती. तुम्ही लई सांभाळून घेतलात मला."

मी पेढा घेतला. त्यांच्यासमोरच खाल्ला.