गुणाजीची तिसरी ओळ

थळच्या गुणाजीच्या बँडनं उभ्या आयुष्यात एकही चाल स्वतःची वाजवली नाही. ही निंदा नव्हे. तसा दावा खुद्द गुणाजीनंही कधी केला नाही. सगळं उसनं. मुंबईत सिनेमा लागायचा, त्यातलं गाणं रेडिओवर यायचं आणि पंधरवडा उलटायच्या आत ते नवगाव, किहीम, रेवसच्या लग्नांत वाजायचं. मधली सगळी मेहनत गुणाजीची.

रेडिओ होता अलिबागला, एका हॉटेलात. गुणाजी, कॉर्नेटवाला सदू आणि ढोलवाला धर्मा असे तिघं थळहून पायी जायचे, एकेक चहा मागवायचे आणि रेडिओ सिलोन लागायची वाट बघत बसायचे. सुरांची लिपी तिघांपैकी एकालाही येत नव्हती, आणि रेडिओ काही पुन्हा म्हण म्हटल्यावर म्हणत नाही. म्हणून त्यांनी गाण्याच्या वाटण्या केल्या होत्या. ध्रुवपद गुणाजीनं धरायचं, अंतरा सदूनं, ठेका धर्मानं. गाणं संपलं की तिघं उठायचे ते तोंडाला कुलूप लावूनच. थळ येईपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. प्रत्येक जण आपापला तुकडा नाकातल्या नाकात घोळवत चालायचा. वाटेवरच्या माणसांनाही हे ठाऊक झालं होतं. समोरून तिघं आले की बायका पाट्या सावरून बाजूला व्हायच्या आणि पोरांना दटावायच्या, बोलू नका, गाणं चाललंय. घरी पोचल्यावर गुणाजीच्या पडवीत तिन्ही तुकडे जोडले जायचे. जोडताना कधी सांधा दिसायचा, पण वरातीत नाचणारा माणूस सांधा कशाला बघतोय?

गुणाजी मुळात दर्यावरचा माणूस. तरुणपणी माझगावला गोदीत कामाला होता. तिथं शेजारच्या खोलीतल्या एका गोव्याच्या ख्रिस्तावानं त्याला क्लॅरिनेट शिकवलं. स्वातंत्र्य आलं त्या साली तो पत्र्याच्या ट्रंकेत ते क्लॅरिनेट घालून गावी परतला. बापाची होडी होतीच. होडीवर पोट चालायचं आणि लग्नसराईत हौस. एका बंद पडलेल्या नाटक मंडळीचे लाल कोट त्यानं बँडसाठी मिळवले होते. सदूच्या कोटात आणखी एक सदू सहज मावला असता. पण उन्हात ते कोट घालून पोरं उभी राहिली की गावाला आपलाच अभिमान वाटायचा.

फक्त गुणाजीच्या घरात या बँडचं कौतुक नव्हतं. त्याची आई केसर ही धवलारीण, लग्नविधींची गाणी म्हणणारी. आपल्या कोळी-आगऱ्यांच्या लग्नात एक वेळ भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारीण वेळेवर लागते. हळद लावण्यापासून नवरीला उंबऱ्याबाहेर काढण्यापर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि तो तिनं म्हटल्याखेरीज विधी पुढं सरकत नाही. त्यात एक नेम अगदी कडक. उचललेला धवला अर्धा टाकायचा नाही. मांडवाला आग लागली तरी आधी शेवटची ओळ, मग पाणी. अर्ध्यावर सुटलेला धवला नवरीच्या संसाराला बाधतो, असं म्हातारी माणसं सांगत.

एके वर्षी थळातच एका लग्नात नेमकं हेच झालं. केसर आतल्या खोलीत नवरीला बाहेर काढण्याचा धवला म्हणत होती. बाहेर वऱ्हाड ठरल्याआधी येऊन ठेपलं, कुणीतरी हात हलवला आणि गुणाजीनं क्लॅरिनेट ओठाला लावलं. धर्माचा ढोल दणाणला. केसरचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. तिचं गाणं शेजारी बसलेल्या बाईलाही ऐकू येईना. मग तिनं हातातलं ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि मागल्या दारानं घरी निघून गेली. गुणाजी आपल्या तालात. संध्याकाळपर्यंत त्याला पत्ता नव्हता.

त्या दिवसापासून केसरनं धवला म्हटला नाही. बोलावणं घेऊन कुणी आलं की ती सांगायची, बँड लावा. आईलेकाचं भांडण म्हणावं तर तेही नव्हतं. ती त्याला वेळेवर भाकरी वाढायची, कालवणातला मोठा तुकडा त्याच्याच ताटात टाकायची. एवढंच की गाण्याचं नाव घरात निघत नसे. एकदा न राहवून गुणाजीनं तिचे पाय धरले. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तो अर्धा अजून गल्यात हाय, गुना. त्याच्यावर दुसरा कसा चढवू?"

गुणाजी उठला आणि उगाचच होडीकडे गेला. म्हातारीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. भरल्या मांडवात आपण आपल्या आईचा आवाज बुडवला, हे त्याला घशात अडकलेल्या काट्यासारखं टोचत राहिलं. ती पुन्हा गायला हवी, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती, आणि ती कशी घडवावी हे त्याला उमगत नव्हतं.

अशात पुढचा वैशाख आला आणि एका शनिवार-रविवारात तीन सुपाऱ्या आल्या. शनिवारी सकाळी किहीमला लग्न, संध्याकाळी नवगावला हळद आणि रविवारी दुपारी बोडणीला बाळाजी नाखवाच्या लेकीचं, गोदूचं लग्न. शेवटचं काम मोठं. नवरा मुंबईचा, वऱ्हाड लाँचनं रेवसला उतरणार. मुंबईकरांनी आधीच कुजकट निरोप धाडला होता, की तुमच्याकडे अजून नुसता ढोल बडवतात का? बाळाजीला तो निरोप झोंबला. त्यानं गुणाजीला बजावलं की मुंबईत सध्या गाजतंय ते नवं गाणं वऱ्हाड मांडवाशी येताच वाजलं पाहिजे, आख्खं. नाही तर पुढल्या साली बोडणीची लग्नं पेणच्या बँडला.

बाळाजीची बायको ही केसरची भाची. धवला म्हणायला मावशीच हवी म्हणून तिनं नाना परीनं विनवलं. केसरनं सांगितलं, येईन, मांडवात बसेन, पानं लावीन, गाणार नाही. शेवटी बोडणीच्याच नीराबाईला सांगून ठेवलं. ती वयानं लहान, तिला निम्मे धवले यायचे.

शुक्रवारी तिघं अलिबागला गेले आणि नशिबानं ते गाणं लागलं. गुणाजीनं ध्रुवपद घट्ट धरलं. परतताना वरसोलीपाशी, ज्याला कुणी बाजूला हो म्हणू शकत नाही असा एकच माणूस समोरून आला. सदूचा सासरा. सदूनं हातानं खूण केली, मान डोलावली, पण सासऱ्यानं वाट अडवून लेकीची खुशाली विचारली. आता सासऱ्यासमोर नाकात गुणगुणत पुढं निघून जाणारा जावई आपल्या किनाऱ्यावर अजून जन्मायचाय. सदू बोलला. लेक बरी आहे, म्हैस व्यायली, आंबा यंदा कमी. बोलून झालं तेव्हा अंतरा डोक्यातून पार उडाला होता. हे सांगायची त्याला छाती झाली नाही. गावात शिरताच तो जाळं काढायचं निमित्त करून सटकला.

शनिवार नुसता धावपळीत गेला. किहीमला नाचणारे थांबेनात. गुणाजीचा खालचा ओठ सुजून आला. तिथून बैलगाडीनं नवगाव. हळदीला तिथली धवलारीण आत गात होती. गुणाजीनं बँड अंगणाबाहेर रस्त्यावर उभा केला आणि आतून निरोप येईपर्यंत एकालाही वाद्याला हात लावू दिला नाही. संपलं का, संपलं का, असं त्यानं इतक्यांदा विचारून घेतलं की यजमान वैतागला.

रविवारी सकाळी बोडणीच्या वाटेवर, गाडीत, सदूनं कबुली दिली. धर्मानं कपाळाला हात लावला. गुणाजी म्हणाला की जे झालं ते झालं. सासऱ्याला पाठ दाखवणारा माणूस बँडमध्ये घेऊन तरी काय करायचाय? ध्रुवपदच फिरवून फिरवून वाजवू, मधे ढोल घुमवू, कुणाला कळतंय! त्यानं हे तोंडानं म्हटलं, पण मुंबईकरांना कळणार हे त्यालाही कळत होतं.

दुपारी वऱ्हाड आलं. मुंबईकर पोरांच्या डोळ्यांवर काळे चष्मे, केसांना तेल. गुणाजीनं ध्रुवपद काढलं आणि पहिल्याच सुराला पोरांच्या भुवया वर गेल्या. बाळाजी नाखवा मिशीत हसला. ध्रुवपद संपलं, धर्मानं ढोल घुमवला, गुणाजीनं पुन्हा ध्रुवपद घेतलं. पोरं नाचली. तिसऱ्यांदा तेच सुरू झालं तसा एक चष्मेवाला ओरडला की पुढचं वाजव ना, मास्तर, सुई अडकली काय? बाळाजीचं हसू मिशीतच विरलं. सदू आभाळाकडे बघत होता.

गुणाजीचा श्वास चालू, ठेका चालू, आणि वाजवायला काही नाही. अशा वेळी बोटं डोक्याला विचारत नाहीत. ती आपोआप त्या चालीवर गेली जी त्यानं पाळण्यात असल्यापासून ऐकली होती. नवरीला उंबऱ्याबाहेर काढण्याचा धवला. सिनेमाच्या ठेक्यावर तो बसतो हे गुणाजीलाही ठाऊक नव्हतं, पण बसला. पहिली ओळ गेली. मांडवातल्या बायकांनी हातातलं काम थांबवून माना वर केल्या. दुसरी ओळ गेली. मुंबईकर पोरांना वाटलं अंतरा असाच असेल. तिसऱ्या ओळीत गुणाजी चुकला. जिथं चाल वर चढते तिथं त्यानं ती खाली उतरवली.

केसर मांडवाच्या मागल्या अंगाला पानाचे विडे करत बसली होती. चुकीचा सूर कानावर पडताच तिचा हात थबकला. मान-अपमान, राग, वर्षभराचं मौन सगळं एकीकडे आणि कामातली चूक एकीकडे. ती उठली आणि तशीच चुना लागलेल्या बोटांनी बँडच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. धर्माच्या हातातली काठी आपोआप थांबली.

"गुना, ती ओल अशी न्हाय," ती म्हणाली. "वर जाते ती."

आणि ती कशी जाते हे दाखवायला तिनं ओळ म्हटली. उघड्या मांडवात, वऱ्हाडासमोर, खणखणीत. म्हटली आणि थबकली. आपण काय केलं हे तिच्या ध्यानात आलं. धवला उचलला गेला होता. आता तो टाकता येत नव्हता. तिनं गुणाजीकडे एकदा रागानं पाहिलं. मग डोळे मिटले आणि चौथी ओळ घेतली. नीराबाई धावत येऊन मागं उभी राहिली, मग बाळाजीची बायको, मग मांडवातल्या सगळ्या. आतून गोदूला उंबऱ्याबाहेर आणलं ते याच गाण्यावर. गुणाजीनं क्लॅरिनेट कधीच खाली घेतलं होतं. लाल कोटातला तो बाप्या भर दुपारी, शंभर माणसांत, बाहीनं डोळे पुसत होता आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

शेवटची ओळ झाल्यावर केसरनं गळ्यावरून हात फिरवला. म्हणाली, "झाला. आता वाजव काय ता तुझा."

पेणच्या बँडला बोडणीची लग्नं काही मिळाली नाहीत. उलट रेवसपासून थळपर्यंत सगळ्यांनाच 'ते बोडणीसारखं' हवं झालं. आधी बँड, मधे धवला. केसर पुन्हा लग्नांना जाऊ लागली. आणि प्रत्येक लग्नात गुणाजी त्या चालीवर आला की तिसऱ्या ओळीत चुकायचा. चाल खाली उतरायची, म्हातारी कपाळाला आठ्या घालत पुढं यायची, ती ओळ अशी नाही म्हणायची आणि वर चढवून दाखवायची. पहिली चूक खरी होती का, यावर थळात बरेच वाद झाले. पुढच्या साऱ्या चुका खोट्या होत्या, यावर कुणी वाद घातला नाही. चारचौघांत केसर कुरकुरायची की एवढा घोडा झाला, अजून एक ओळ धड येत नाही. हे सांगताना ती फार खुशीत असायची.

बासष्ट सालच्या पावसाळ्यात केसर गेली. शिमगा उलटल्यावर थळात पहिलं लग्न निघालं, ते सदूच्याच लेकीचं. नीराबाई आता जाणती धवलारीण झाली होती. ती ताट घेऊन उंबऱ्यापाशी उभी राहिली. गुणाजीनं ध्रुवपद वाजवलं, मग धवल्याची चाल धरली. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरीच्या तोंडाशी तो थांबला. धर्मानं ठेका सोडला नाही, नुसता वाजवत राहिला. सगळ्या बायका नकळत मागल्या अंगाला बघू लागल्या, जिथं म्हातारी पानं लावत बसायची.

मग गुणाजीनं तिसरी ओळ वाजवली. वर, जशी जाते तशी. एका सुराचाही फरक नाही. नीराबाईनं चौथी उचलली.

जेवणं उरकल्यावर सदू त्याच्याशेजारी येऊन बसला. बराच वेळ घुटमळून त्यानं विचारलं, "म्हंजे तुला येत व्हती?"

"व्हय," गुणाजी म्हणाला. "आयला पन म्हाईत व्हता."

मग त्यानं क्लॅरिनेट पुसून ट्रंकेत ठेवलं आणि सदूला म्हणाला, चल, व्याह्यांना पान द्यायचं राहिलंय.