अजून काळी पाच

हार्मोनियमचा भाता मारून मारून माझा डावा खांदा धरला, तेव्हा आमच्या ह्यांनी घरात डिजिटल पियानो आणला. मला त्याचा टणटणाट अजिबात आवडला नाही. भजनाला असला आवाज म्हणजे वरणात चॉकलेट, असं मी तोंडावर म्हटलं. थोड्याच दिवसांत ते कुठूनसा एक डबा घेऊन आले, त्याची वायर पियानोला जोडली आणि पियानोचा स्वतःचा आवाज बंद करून टाकला. आता पट्टी मी बाहेरच्या खोलीत दाबायची आणि सूर आतल्या खोलीतल्या डब्यातून निघायचा, थेट पायपेटीचा.

डबा त्यांच्या ताब्यात. रोज सकाळी तेच तो चालू करायचे, काहीबाही खुडबुड करायचे आणि आतून विचारायचे, "काय गायिकाबाई, सूर कुठला?"

"काळी पाच," मी ठसक्यात सांगायची. ऐन विशीत धरलेला पाचव्या काळ्या पट्टीचा उंच सूर मी साठीनंतरही सोडला नव्हता. भजनी मंडळातल्या माझ्या बरोबरीच्या बायका एकेक करून खाली उतरल्या होत्या. मंडळ केव्हाच सुटलं होतं, पण फोनवर मी त्यांना ते जाणवून द्यायची.

"अजून काळी पाच! कमाल आहे," आतून आवाज यायचा. मध्येच कधीतरी माझा इलेक्ट्रॉनिक तानपुरा बिघडला, सुरात राहत नाही, म्हणून त्यांनी तो माळ्यावर टाकला.

मग ते गेले. त्यानंतर मी डबा कधी बंदच केला नाही. बंद केला की ह्यांनी लावून ठेवलेलं सगळं तो विसरेल, ही भीती. सदाशिव पेठेत खाली दिवसभर स्कूटरींची वर्दळ, पण वर दूधवाला सोडला तर माझ्याशी बोलणारं कोणी नाही. वाजवायला बसले की आतून सूर यायचा आणि तेवढा वेळ आत माणूस आहे असं वाटायचं.

एका गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज गेली. दुपारी इन्व्हर्टरनेही मान टाकली. संध्याकाळी दिवे आले तसा डबा जागा झाला, पण त्याच टणटणाटात. पायपेटी गेली होती. म्हटलं, निदान गाऊन तरी बघू. काळी पाच दाबली, आणि वरच्या षड्जाला जाताना आवाज फाटला. पुन्हा गायले. पुन्हा फाटला.

मला डब्याचा संशय आला. माळ्यावरून तानपुरा काढला, धूळ झटकली, काळी पाचला लावला. तो ठणठणीत होता. डब्याशी तंतोतंत जुळला.

मग मी एकेक पट्टी खाली उतरत गेले. काळी तीनला गळा मोकळा झाला. इतके दिवस काळी पाच म्हणून मिरवत होते तो हाच सूर. सकाळची खुडबुड कसली, ते मला तेव्हा कळलं. माझा गळा उतरेल तसा हा माणूस डब्यातला सूर खाली उतरवत होता; मी दाबायची काळी पाच, आणि वाजायचा खालचा सूर. तानपुरा खरं बोलला असता, म्हणून त्याची रवानगी माळ्यावर.

आधी संतापच आला. मी काय लहान मूल आहे? तरातरा आतल्या खोलीत गेले आणि रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिले. भांडायला कोणी नव्हतं. मग खूप रडू आलं.

बाहेर येऊन पुन्हा पियानोशी बसले. कोणी विचारलं नव्हतं, तरी आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हटलं, "अहो, काळी तीन."