हुसेनसाब तेलवाला आणि घड्याळवाले साहेब

१९७४ साली सोलापुरातल्या एका गिरणीत मुंबईहून दोन सल्लागार आले. गिरणी मागे का पडते, ते शोधायला. मॅनेजर त्यांचा शब्द खाली पडू देईना. मुंबईचे, वर इंग्रजीतून बोलणारे, म्हणजे त्यांना कळतच असणार. युनियनचा निंगप्पा मात्र नाक मुरडायचा. "ह्यांनी कदी माग तरी चालवलाय का? मानसं कमी करायचीत, दुसरं काय न्हाय."

हुसेनसाबला निंगप्पाचं पटत नव्हतं. तो मागखात्यातला तेलवाला. सव्वीस वर्षं तेलाचा डबा घेऊन मागांच्या रांगांतून फिरत होता. कुठला माग आतून कोरडा पडलाय, ते त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. पण हे त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. आता शिकलेली माणसं आलीत, ती बरोबर ओळखतील, असं त्याला मनापासून वाटत होतं. घरी बायकोला, मदिनाबीलाही त्यानं तसंच सांगितलं.

दोघांतले धाकटे साहेब हातात घड्याळ घेऊन पंधरा दिवस खात्यात फिरले. ते जवळ आले की हुसेनसाब डबा खाली ठेवायचा, हात पुसायचा आणि अदबीनं बाजूला उभा राहायचा. मोठ्या माणसासमोर आपलं काम रेटत राहणं त्याच्या घरी बेअदबी समजत. विणकरांना चालता माग सोडता येत नसे, तेलवाल्याला थांबता येई, एवढंच. साहेब घड्याळ बघत, कागदावर खूण करत आणि पुढे जात. आपली नोंद झाली, म्हणून हा बापडा खूश.

महिन्याभरानं अहवाल आला. तेलवाल्याची एक जागा जादा, आणि ती हुसेनसाबची. नोकरी जाणार हे दुःख होतंच, पण जाणत्या माणसांनी डोळ्यांनी बघून आपल्याला रिकामटेकडा ठरवलं, हे त्याला जास्त लागलं.

तो ऑफिसात गेला. धाकटे साहेब मॅनेजरसमोर बसले होते. त्यांनी कागद काढून दाखवला.

"चाळीस वेळा पाहिलं मी तुम्हाला. चाळीसही वेळा तुम्ही नुसते उभे होतात."

"तुमी आलात म्हनून उभा ऱ्हायलो, साहेब."

साहेबांचा चेहरा उतरला. तिशीच्या आतलं वय. त्यांनी मॅनेजरला म्हटलं, अहवाल दुरुस्त करू. मॅनेजर हसला. तज्ज्ञांचा निष्कर्ष एका तेलवाल्याच्या बोलण्यावरून फिरवला, तर मालक काय म्हणतील? साहेबांनी कागद परत आत ठेवला.

हुसेनसाब दारापर्यंत गेला आणि परत आला.

"पाचव्या रांगेतला कडंचा माग उजवीकडनं तापतो. रोज दोनदा बघाया लागतं. त्याच्या शेजारचा आवाज करत न्हाय, पन कोरडा पडतो. माज्या रांगा जो बघंल त्याला हे ठावं नसनार. लिवून घ्या."

साहेबांनी पेन उघडलं. हुसेनसाब रांगेमागून रांग सांगत गेला. साहेबांची मराठी लिहायची सवय मोडली होती, म्हणून ते मधूनमधून त्याला जरा सावकाश सांगायला विनवत होते.