झाकणाची मशीन

मार्चमधल्या एका दुपारी पुंजारामच्या सीडी प्लेअरचा ट्रे आत गेला, तो बाहेर आलाच नाही. बटण दाबलं की आतून मोटर घुरघुरायची, ट्रेची कड केसभर पुढं सरकायची आणि पुन्हा मागं जायची. आत राजनंदिनीची सीडी होती.

दुसरी कुठली असती तर त्यानं चार दिवस दम धरला असता. भजनांच्या, सनईच्या, जुन्या गाण्यांच्या मिळून दीडशेवर सीड्या त्याच्या कपाटात होत्या. पण ही एकच होती. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये लेकीनं म्हटलेली गवळण साउंडवाल्यानं भरून दिली होती, आणि वर तिनं स्वतः निळ्या पेनानं नाव लिहिलं होतं. गाणं साडेचार मिनिटांचं. त्यानंतर सात महिन्यांनी ती गेली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. लहानपणी अंगावर काढलेल्या तापानं हृदयाची झडप आकसत गेली होती, असं संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. ते कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याला आता तेरा वर्षं होत आली होती.

पुंजारामनं पेचकस घेतला आणि प्लेअर पालथा घातला. भोकरदनकडच्या धावड्याहून तो जालन्याला आला तेव्हा त्याच्याकडं फक्त सातवीचा दाखला होता. एमआयडीसीतल्या सळयांच्या मिलमध्ये हेल्पर म्हणून लागला आणि बघून बघून फिटर झाला. बेअरिंग बसवताना शिकलेसवरलेले इंजिनिअर त्याच्या बोटांकडं बघत उभे राहायचे. दिवसभर कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात राहिलेला हा माणूस घरी आला की मात्र गाणं लावून बसायचा. बैठकीतले दोन्ही स्पीकरचे खोके त्यानं स्वतः प्लायवूड कापून जोडले होते.

पण निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळी घेतली की दोन-तीन तास बरे जात, मग पुन्हा तेच. त्या दुपारी पेचकसाचं टोक स्क्रूच्या खाचेत बसेना. डाव्या हातानं मनगट धरून पाहिलं, हात मांडीखाली दाबून जरा वेळ थांबून पाहिलं. टोक घसरून पत्र्यावर नुसते चरे पडत गेले. बायको तुळजाबाई दारातून बघत होती. ती पुढं आली नाही. मशीनला आणि सीड्यांना कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. पूर्वी एकदा धूळ पुसताना तिच्याकडून एका सीडीवर ओरखडा पडला होता, तर तो आठ दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

शेवटी त्यानं प्लेअर चादरीत गुंडाळला आणि रिक्षात मांडीवर घेऊन जुन्या जालन्यात बालकिशन शेठच्या दुकानी गेला.

बालकिशन शेठ चाळीस वर्षं रेडिओ, टेप, टीव्ही विकत आलेला माणूस. दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकत होती, पण मागच्या बाजूला दुरुस्तीचं टेबल त्यानं अजून मोडलं नव्हतं. त्यानं पाच मिनिटांत प्लेअर उघडला, सीडी अलगद काढून पुंजारामच्या हातात दिली आणि चिमट्यानं एक रबरी पट्टा वर धरला. पट्टा ताणून सैल झाला होता, त्याला बारीक भेगा गेल्या होत्या. ट्रे आत-बाहेर करणारा तोच. असला आता कुठं मिळत नाही, दुसरा जुगाड करून बसवला तरी महिना-दोन महिने चालेल, असं त्यानं सांगितलं. शिवाय सीडी वाचणारी लेन्सही थकली होती. नवीच मशीन घ्यावी लागणार होती.

त्याच्याकडं दोन पडून होत्या. एक ट्रेची, पहिल्यासारखीच. दुसरी वरून उघडायची. झाकण वर करायचं, मधल्या खुंटीवर सीडी दाबून बसवायची, टक्क असा आवाज आला की झाकण लावायचं. तिच्यात पट्टा नाही की ट्रेची मोटर नाही.

शेठनं पुंजारामच्या हाताकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "भाऊ, तुम्ही ट्रेवाली घ्या. हात कसाबी हालू द्या, सीडी खाच्यात पडली की मशीन बराबर आत घेती. त्या दुसरीत खुंटीवर नेमकं बसवावं लागतं."

"अन् पुन्हा अडकली मंग?"

शेठनं चिमट्यातला सैल पट्टा टेबलावर ठेवला.

"हिच्यात अडकायला काहीच न्हाई," पुंजाराम म्हणाला. "झाकण उघडलं की सीडी समोर. मला हीच पाहिजे."

शेठनं समजावून पाहिलं. ही शोकेसच्या कप्प्यात बसणार नाही, झाकणाला वर जागा लागते, हेही सांगितलं. पुंजाराम ऐकेना. लेक बंद डब्यात अडकून पडली आहे आणि आपल्याला तिथवर हात पोचवता येत नाही, असं त्याला त्या दुपारी वाटलं होतं. ते काही शेठला सांगता येण्यासारखं नव्हतं. निघताना शेठ म्हणाला, काहीही करा पण आधी या सीडीची कॉपी काढून ठेवा. पुण्यात कंपनीत असलेला मुलगा माऊलीही हेच म्हणायचा. सीडी कुरिअरनं पाठवा, मी भरून घेतो. पण पाठवायची पुंजारामची हिंमत होत नव्हती. दिवाळीला माऊली येईल तेव्हा बघू, असं त्यानं ठरवलं.

घरी त्यानं मशीन शोकेसवर ठेवली, तारा जोडल्या, गोळी घेतली आणि अर्धा तास बसून राहिला. मग झाकण उघडलं. सीडीचं भोक खुंटीच्या आजूबाजूला फिरत राहिलं. एकदा कड मशीनच्या काठावर घासली, तसा त्यानं हात मागं घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी सीडी हातातून सुटून सतरंजीवर पडली. काही झालं नाही, पण तो घामाघूम झाला.

चौथ्या दिवशी त्यानं तुळजाबाईला हाक मारली. सीडी पुढं केली आणि नजर दुसरीकडं वळवून म्हणाला, "हे एवढं बसवून दे."

तिनं पदराला हात पुसले. सीडी कडांनी धरली, त्याला तेरा वर्षं धरताना बघितलं होतं अगदी तशीच, आणि एका दमात टक्क बसवली. झाकण लावलं आणि मागच्या अंगणात निघून गेली.

यात नवीन काही नव्हतं. ही सीडी लागली की ती नेहमीच उठायची. कधी दळण आणायला, कधी शेजारी उषाबाईकडं. त्याला वाटायचं, हिला गाण्याची आवड नाही. मनातल्या मनात त्यानं तिच्यावर एक आरोपही ठेवला होता, की आईचं मन इतकं कोरडं कसं.

आता मात्र रोज तिलाच सीडी लावावी लागायची. संपली की काढायलाही तीच. सव्वा महिना असा गेला. तिचं जेवण कमी झालं, आणि दुपारी चारच्या सुमारास ती घरात दिसेनाशी व्हायला लागली. एके दिवशी पुंजारामनं दोनदा हाक मारली. ती आली, सीडी हातात घेतली आणि तशीच उभी राहिली.

"आज नको," ती म्हणाली.

"का?"

"तुम्ही गाणं ऐकता. मला तिचा दम ऐकू येतो."

त्याला कळलं नाही. ती खाली बसली आणि सीडीकडं बघत बोलत राहिली. दुसऱ्या कडव्याच्या आधी पोरगी श्वास घेते, तो पुरत नाही म्हणून पुन्हा घेते. शेवटच्या ओळीला तर शब्द अर्ध्यातून तुटतो. ही सीडी पहिल्यांदा घरात लावली तेव्हाच तिच्या ते लक्षात आलं होतं. तेव्हा लेक जिवंत होती, इथंच या सतरंजीवर बसली होती. तुळजाबाईनं तिला विचारलंही होतं. स्टेजवर घाबरल्यामुळं झालं, असं हसून ती म्हणाली, आणि आईनं ते खरं मानलं.

"त्या दिवशी दवाखान्यात नेलं असतं तर," एवढं बोलून ती थांबली.

मिलमध्ये यंत्राच्या आवाजातला फरक लांबून ओळखणारा माणूस म्हणून पुंजारामची ख्याती होती. बेअरिंग जाणार असलं की दोन दिवस आधी सांगायचा. आणि हे गाणं त्यानं किती वेळा ऐकलं होतं याची मोजदाद नव्हती.

चार दिवसांनी त्यानं तिला सीडी लावायला सांगितली, एकदाच. बसवून ती गेली. त्यानं डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्या कडव्याच्या आधी तो श्वास आला. आखूड, मग लगेच दुसरा. पुढची सगळी ओळ त्याला तेच ऐकू आलं, पेटीही नाही आणि शब्दही नाहीत. त्यानंतर पाच-सहा महिने त्यानं ती सीडी मागितली नाही.

दिवाळीला माऊली आला. सीडी वाचायचं यंत्र तो कुणाकडून तरी मागून घेऊन आला होता. लॅपटॉपला जोडून त्यानं गाणं भरून घेतलं, कानाला हेडफोन लावून ऐकलं आणि म्हणाला, "बाबा, मधेमधे श्वासाचा आवाज लई येऊन राह्यला. तो साफ करता येतो. करू का?"

पुंजारामनं तुळजाबाईकडं पाहिलं. ती फराळाचं ताट घेऊन उभी होती.

"नको," ती म्हणाली. "राहू दे तसंच."

माऊलीनं मान डोलावली. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि दोघांनीही त्याला सांगितलं नाही.

हिवाळ्यात पुंजारामचा डावा हातही हलायला लागला. कपाची बशी खडखडते म्हणून आता तो पेल्यातून चहा पितो. संध्याकाळी तुळजाबाई कपाटातून एखादी सीडी काढते, नाव वाचून दाखवते, तो हो किंवा नको म्हणतो. लेकीची सीडी तिनं वरच्या फडताळात ठेवली आहे. ती कुणी काढत नाही. सनई सुरू झाली की तुळजाबाई उठून जात नाही, भिंतीला टेकून बसते. बऱ्याचदा तिथंच तिचा डोळा लागतो. सीडी संपते, मशीन आत जराशी फिरून थांबते, आणि तिला उठवायला नको म्हणून पुंजाराम तसाच बसून राहतो, दोन्ही हात मांडीखाली दाबून.