बाबांची हजेरी

माझे वडील वारल्यानंतर सोळाव्या दिवशी डिजिटल प्रशिक्षणाला हजर झाले. मी गैरहजर होतो.

मी आदिलाबादच्या एका कचेरीत कारकून. ‘कर्मचाऱ्यांना संगणक येत नाही’ असा शोध वरच्यांना लागला आणि आमचं दहा दिवसांचं प्रशिक्षण ठरलं. तीन खाडे झाले, की बदली थेट दूर जंगलातल्या बेज्जूरला! आई नुकतीच एकटी पडलेली. तिला सोडून कुठं जाणार?

हजेरी चेहऱ्यानं. फोनसमोर उभं राहायचं, तो ओळखणार. त्याच्याकडे माझा फोटो भरघोस केसांचा, मिशांचा. बाबांच्या दहाव्याला दोन्ही उतरवलेले. (त्यानं मृतात्म्याला शांती मिळते म्हणतात. फोनला मिळत नाही.)

“सार, ये आप नहीं हो,” निर्मलहून आलेले प्रशिक्षक म्हणाले.

“मग मी कोण?”

“वो हमको नहीं मालूम.”

एरवी मी हळू बोलणारा माणूस. त्या दिवशी ओरडलो. “बाप मेलाय माझा! मिशी उगवेपर्यंत प्रशिक्षण संपेल! कागदावर सही घ्या!”

“कागज बंद हो गया, सार.”

पहिला खाडा.

दुसऱ्या दिवशी बायकोनं काजळानं मिशी काढून दिली. केंद्रावर पोचेपर्यंत घामानं ती हनुवटीवर उतरली. दुसरा खाडा!

तिसऱ्या दिवशी मी फोनलाच शिव्या घालत उभा होतो. तेवढ्यात धाकटा भाऊ सुधाकर आला. तेराव्याला बाबांच्या फोटोची काच तडकली होती. ती बदलून, फोटो छातीशी धरून तो माझ्यामागे थांबला.

“काऊन ओरडून राह्यला, दादा?”

टुण्! हजेरी पडली.

फोननं माझ्या खांद्यावरून बाबांना पाहिलं होतं. तेच नाक, त्याच मिशा. गळ्यात चंदनाचा हार.

“सार, कल से इनको लेके आना.”

“अहो, ते वारलेत!”

“हाजरी तो लग गयी ना!”

बाबांनी जन्मात मोबाइलला हात लावला नव्हता. वाजला, की “उचला रे ते” म्हणत भाजीच्या वाफ्यात निघून जायचे. आता रोज पिशवीतून प्रशिक्षणाला! मी चरफडत पिशवी उचलायचो. आई मात्र काच पुसून द्यायची.

“ने रे त्यायले. घरी तरी काय करून राह्यले?”

बदली टळली. प्रमाणपत्रही आलं. नाव माझं, फोटो हजेरीतला, म्हणजे बाबांचा, हारासकट!

“हा फोटो बदला!”

“सार, वो हमको नहीं आता.”

शिकवणाऱ्यालाच येत नाही! “सरका!” म्हणत मी स्वतः संगणकासमोर बसलो. दहा दिवसांचं शिक्षण पणाला लावलं. तासाभरानं कागद छापून निघाला. फोटो तसाच होता. माझं नाव तेवढं पुसलं गेलं होतं.

सुधाकरनं कागद उलटसुलट पाहिला.

“राहू दे ना, दादा. आता बरोबर झालं.”