गळती ओळखणारे गृहस्थ

जगातली प्रत्येक वस्तू कुठून ना कुठून गळतेच, आपण फक्त नीट बघत नाही, असा ठाम सिद्धांत असलेले माझ्या ओळखीत एकच गृहस्थ. चाकणच्या एका कारखान्यात ब्रेकच्या नळ्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधण्यात त्यांची तीस वर्षं गेली. खिशात पेनाऐवजी साबणाच्या पाण्याची बाटली. भाच्याच्या लग्नात आचाऱ्याच्या शेगडीला फेस लावत बसले. अक्षता पडायची वेळ झाली तरी मामा सापडेनात. माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आले ते माझ्याकडे न बघता ऑक्सिजनच्या सिलिंडरला कान लावून उभे. "साहेब, ह्यो सुस्कारा टाकतोय." खरंच टाकत होता.

त्यांच्या अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडत नव्हतं. भाकरीचा घास तांब्याभर पाण्यानं ढकलावा लागे. दुर्बिणीतून फुगा घालून ते रुंद करायचं होतं. आधी लहान फुगा, काही आठवड्यांनी मोठा, हा माझाच नियम. त्या दिवशी बाहेर रांग होती, मी थेट मोठाच फुगवला. तासाभरानं छाती धरून, गळ्याची कातडी बोटानं दाबत ते म्हणाले, "साहेब, हितं करकर वाजतंय. हवा सुटलीया."

"होतं तसं. पडून राहा."

मला तेव्हाच शंका आली होती. सीटी स्कॅन केला तो संध्याकाळी.

अन्ननलिकेला छिद्र पडलं होतं. आतून झाकणारी जाळीची नळी बसवली, छातीत साचलेला द्रव काढला, तोंडानं सगळं बंद. तीन आठवडे नाकातल्या नळीतून पातळ अन्न. तशातही हे सलाइनचे सांधे तपासत, "सिस्टर, हितं ठिबकतंय बगा," म्हणून सगळ्यांना दमवत. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, दिवसभर खाटेशी बसून असत. एकदा मला दारात अडवून म्हणाल्या, "डॉक्टर, फुगा घातला त्या दिशी लई मागत व्हते म्हनून मी दोन घोट पानी दिलं. त्यानं तर न्हाई ना फाटलं?"

"आता काळजी करू नका," मी म्हणालो. 'नाही' म्हणालो नाही.

छिद्र भरल्याचं दिसलं त्या दिवशी मी त्यांच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. फुगा, रांग, शंका, पाणी. त्यांनी सलाइनचा सांधा बोटानं चाचपला. मग म्हणाले, "माझं ऱ्हाऊ द्या, साहेब. पयलं हिला सांगा. तीन आठवडं सोताला खातीया ती."

सांगितलं. "म्हंजी पान्यानं न्हवं?" एवढंच विचारून वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आता तपासणीला ते एकटेच येतात. घास सरळ उतरतो म्हणतात. "वहिनींना आणा की एकदा," मी दरवेळी म्हणतो. "आनतो की," म्हणतात, आणि निघताना उगाचच माझ्या खांद्यावर हात ठेवतात.